शिकाऱ्याचं काळीज : जहांगीरचा शेवटचा हाका ते यवतमाळची जागल

2 नोव्हेंबर 2018च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात ‘टी-1’ वाघीण मारली गेली. बाहेरच्या जगाला ती ‘अवनी’ म्हणून माहीत झाली. साधारण दोन वर्षांत 13 माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ड्रोन, पॅराग्लायडर, हत्ती, शिकारी कुत्रे, अत्तराचा वास अशा सगळ्या युक्त्या करून झाल्या. शेवटी वन विभागाने बोलावलेले हैदराबादचे नवाब शफाअत अली खान यांचे चिरंजीव असगर अली खान यांच्या गोळीने ती मेली. नवाबसाहेब त्या वेळी साठीच्या घरात होते.

पुढे पुष्कळ वाद झाला. गोळी कायद्यात बसते का, बेशुद्ध करण्याचा प्रयत्न पुरेसा झाला का, माणूस मोठा की वाघ, अशा चर्चा महिनाभर चालल्या. त्या व्हायलाच हव्या होत्या. पण त्या दिवसांत आमच्या घरात वेगळीच आठवण निघत होती. टीव्हीवर जंगलातल्या पायवाटा दिसल्या की अम्मी म्हणायची, “तुझ्या मामूला आता हे बघायला पाहिजे होतं.”

मामू शिकारीतच गेले, असं म्हटलं तर अर्धं खरं आहे. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा ते पंचविशीत होते. त्याआधी वडिलांसोबत ससे, तितर, कधी रानडुकराच्या मागे त्यांनी दिग्रसकडची रानं पालथी घातली होती. कायदा आला, बंदूक सुटली. पुढची चाळीस वर्षं दुकानाच्या गादीवर गेली आणि शेती मुलांनी सांभाळली. दहा-बारा वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या दिवसांत मुलगा बाहेरगावी होता म्हणून मामू स्वतः जागलीला गेले. मध्यरात्रीनंतर रानडुकरांचा कळप शिरला. मामू मचाणावरून उतरले आणि हातात बॅटरी, काठी घेऊन ढेकळांतून धावत सुटले. कळप पळाला. बांधावर येऊन ते बसले तेव्हा छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत होतं आणि थंडीतही घाम फुटला होता. सालदार गडी घाबरला, तर हेच त्याला समजावत होते, “कुछ नहीं, गॅस है.” ओवा चघळला, गरम पाणी घेतलं, पहाटेपर्यंत तिथेच पडून राहिले. सकाळी दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका म्हणून सांगितलं. मयतीला आलेले बुजुर्ग म्हणत होते, “एवढा दणकट माणूस, जुना शिकारी, त्याला कसं काय झालं?” हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. इतिहास वाचताना त्याचं उत्तर मला तुकड्यातुकड्यांनी सापडत गेलं. तेच तुकडे इथे एकत्र मांडतो आहे.

बादशाहची शिकार आणि इतरांचे पाय

मुघल बादशाहांमध्ये शिकारीचा चोख हिशेब ठेवणारा एकच, जहांगीर. वयाच्या 12व्या वर्षापासून राज्यारोहणाच्या 11व्या वर्षाअखेरपर्यंत आपल्यासमोर 28,532 जनावरं शिकारीत सापडली आणि त्यातली 17,167 आपल्या हातून मारली गेली, असा आकडा त्याने ‘तुझुक-ए-जहांगीरी’त नोंदवून ठेवला आहे. त्यात वाघ-सिंह 86.

या आकड्यांमागे श्रम कोणाचे होते, हे पाहायला हवं. मुघलांच्या ‘कमरगाह’ पद्धतीत हजारो माणसं मैलोन्‌मैल लांबीचं कडं करत. दिवसेंदिवस ते आवळत जनावरं मधल्या मोकळ्या जागेत आणली जात आणि मग बादशाह आत शिरे. अकबराने 1567मध्ये लाहोरजवळ असा प्रचंड हाका घातला होता. वाघाचा माग काढायला ‘करावल’ असत, वाट मोडायला हत्ती असत, मेलेलं जनावर उचलायला वेगळी माणसं असत. अकबर तेव्हा चोविशीत होता आणि घोडा फेकायची त्याला हौस होती. पण ही सगळी व्यवस्था अशी होती की बादशाह म्हातारा झाला, आजारी पडला, तरी शिकार थांबत नसे. वय बादशाहचं वाढे, धावणारे पाय तरुणच राहत.

जहांगीरची तब्येत तरुणपणीच ढासळली होती. दारूचं प्रमाण त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. दुहेरी गाळलेल्या अर्काचे दिवसरात्र मिळून 20 प्याले. हात इतके कापत की प्याला दुसऱ्याला तोंडाशी धरावा लागे. हकीम हुमाम यांनी तेव्हा त्याला स्पष्ट बजावलं की असंच चाललं तर सहा महिन्यांत इलाजाच्या पलीकडे जाल. शाहजाद्याला तोंडावर असं सांगणं सोपं नव्हतं. जहांगीरने ते ऐकलं आणि प्रमाण पुष्कळ उतरवलं, पण सुटलं काही नाही. पन्नाशीनंतर दम लागण्याचा त्रास सुरू झाला. उन्हाळा सोसवेना म्हणून तो काश्मीरला जाऊ लागला.

पन्नाशी आली की बंदुकीची शिकार सोडायची, स्वतःच्या हाताने जीव मारायचा नाही, असा नवस त्याने केला होता. 1618मध्ये लाडका नातू शुजा आजारी पडला तेव्हा या नवसाची त्याला आठवण झाली आणि तो त्याने पाळायला घेतला. पुढे शाहजादा खुर्रमच्या बंडाच्या काळात मात्र बंदूक पुन्हा हाती आली. बापाच्या मनाला झालेली जखम त्यामागे होती, असं त्याच्या लिखाणावरून दिसतं.

शेवटचा प्रसंग 1627चा. बादशाह 58 वर्षांचा आहे, काश्मीरहून लाहोरला परत निघाला आहे, अन्न जात नाही, श्वास पुरत नाही. वाटेत बैरमकल्याला मुक्काम पडला. तिथे डोंगराच्या पायथ्याशी बंदूक टेकवून बसायची जागा तयार केलेली होती. गावकरी वरून हरणं हाकलत आणत, बादशाह खालून गोळी घालत असे. त्या दिवशी एक जखमी हरीण कड्यावर अडकलं. ते खाली काढायला एक प्यादा पुढे सरकला, त्याचा पाय निसटला आणि तो दरीत कोसळून मेला. मुतमद खानाच्या ‘इक्बालनामा’त हे सविस्तर आलं आहे. जहांगीर हादरून गेला. त्या प्याद्याच्या आईला बोलावून त्याने पैसे दिले, पण मनाला चैन पडेना. आपल्याला मृत्यूचा फरिश्ताच दिसला, असं त्याला वाटलं. त्यानंतर काही दिवसांतच, 28 ऑक्टोबर 1627 रोजी, राजौरीच्या बाजूला प्रवासातच त्याचा अंत झाला.

इतिहासकार या प्रसंगात बादशाहची करुणा पाहतात. मला त्यात शिकारीची वाटणीही दिसते. थकलेलं शरीर खाली बसून होतं, कड्यावर चढणारं शरीर दुसऱ्याचं होतं. बादशाहचं वय त्या प्याद्याने आपल्या पायांवर उचललं होतं.

इब्न सीना, इब्न नफीस आणि एक साधा नियम

त्या काळी वैद्यकाला हे कळत नव्हतं का? पुष्कळ कळत होतं. जहांगीरच्या दरबारातले हकीम ज्या परंपरेत शिकले तिचा पाया इब्न सीना (980–1037) यांचा ‘अल-कानून फित्तिब’ हा ग्रंथ. तंदुरुस्ती राखण्याच्या प्रकरणात इब्न सीना आधी व्यायाम, मग अन्न, मग झोप असा क्रम लावतात. कुस्ती, धावणं, तिरंदाजी, घोडेस्वारी असे व्यायामाचे हलके-भारी प्रकार ते सांगतात. व्यायामाआधी अंग चोळून तयार करायचं, नंतर पुन्हा चोळून सैल करायचं, असंही ते सांगतात. कधी थांबायचं याच्याही खुणा त्यांनी दिल्या आहेत. चेहऱ्यावर तजेला आहे, हालचाल सहज आहे, तोवर चालू ठेवा; ती उतरू लागली की थांबा. वृद्धांच्या व्यायामाचा तर त्यांनी स्वतंत्र विचार केला आहे. ज्याच्या त्याच्या अंगच्या ताकदीप्रमाणे, बेताबेताने, हे त्याचं सार.

त्यांच्यानंतर दोन शतकांनी दमास्कसचे इब्न नफीस (1213–1288) आले. ते कैरोत तबीब होते. ‘कानून’मधल्या शरीररचनेवर भाष्य लिहिताना त्यांनी थेट इब्न सीनांना दुरुस्त केलं. रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुफ्फुसात जातं आणि तिथून डाव्या कप्प्यात येतं, हे त्यांनी मांडलं. हृदयाचं पोषण त्याच्या कप्प्यातल्या रक्तातून होत नाही, तर हृदयाच्या मांसात पसरलेल्या रक्तवाहिन्यांतून होतं, हेही त्यांनी सांगितलं. ज्या वाहिन्या तुंबल्या की आज आपण ‘ब्लॉकेज’ म्हणतो, त्याच या. हे भाष्य पुढे विस्मरणात गेलं. 1924मध्ये मुहीउद्दीन ततावी या इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितातून ते उजेडात आणलं. युरोपात विल्यम हार्वे यांचं रक्ताभिसरणावरचं पुस्तक 1628चं, म्हणजे जहांगीरच्या मृत्यूनंतरच्या वर्षी आलेलं.

आता मामूंच्या प्रश्नाकडे येतो. हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये सैल पडतं, तेव्हाच त्याच्या स्वतःच्या वाहिन्यांत मुख्यतः रक्त भरतं. ठोके वाढले की ही मधली उसंत आखडते. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठ्याची वेळ कमी होते. वाहिन्या मोकळ्या असतील तर हृदय ते निभावून नेतं. चाळीस वर्षांच्या बैठ्या कामात, तंबाखूत, वाढलेल्या साखरेत त्या अरुंद झाल्या असतील तर निभत नाही. शिकारीतले श्रम यात सगळ्यांत वाईट. तासन्‌तास दबा धरून, थंडीत, हलायचं नाही. मग अचानक सळसळ होते, अंगात उत्तेजना भरते आणि माणूस एकदम धावतो, तेही सपाट रस्त्यावर नव्हे तर चढणीवर, काटेरी झुडपांत, नाहीतर ढेकळांत.

अमेरिकेत मिशिगनमध्ये हरणांच्या शिकारीला जाणाऱ्या 25 मध्यमवयीन पुरुषांच्या छातीला यंत्र लावून ठोके मोजले गेले. त्यातल्या 17 जणांना हृदयाच्या वाहिन्यांचा आजार आधीपासून होता. 2007मध्ये हा अभ्यास छापून आला. दवाखान्यात ट्रेडमिलवर जेवढे ठोके गेले त्याच्याही वर काहींचे ठोके जंगलात गेले. म्हणजे ट्रेडमिलच्या चाचणीत ‘पास’ झालेला माणूस रानात पास होईलच असं नाही.

दुसरा अभ्यास 1993चा, झटका येऊन गेलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांचा. जोराच्या श्रमानंतरच्या तासाभरात झटका येण्याचा धोका किती वाढतो, हे त्यात पाहिलं होतं. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा अंगमेहनत करणाऱ्यांत तो 2.4 पट निघाला, तर एरवी काहीच न करणाऱ्यांत 107 पट. या एका आकड्यात मामूंच्या मयतीतल्या प्रश्नाचं उत्तर आहे. मामू शिकारी होते, पण चाळीस वर्षांपूर्वीचे. शिकारीची चपळाई माणसाच्या मनात तशीच राहते. हृदय मात्र काल काय केलं, परवा काय केलं, एवढंच लक्षात ठेवतं.

कॉर्बेट रोज चालत होता

कुणी म्हणेल, म्हाताऱ्या शिकाऱ्यांनी मोठमोठ्या शिकारी केल्याच आहेत की. जिम कॉर्बेटने 1938मध्ये थाकची नरभक्षक वाघीण मारली तेव्हा तो 63 वर्षांचा होता. त्याच्या पायाखाली कुमाऊंचे चढ, मागे हाकेकऱ्यांचा फौजफाटा नाही, बहुतेक वेळा तो एकटा. पण कॉर्बेट पोरवयापासून जंगलात रोज चालत आला होता. त्या शरीराला अचानक असं काही नव्हतं. आणि थाकनंतर त्याने नरभक्षकांच्या शिकारीला पूर्णविराम दिला, हेही विसरू नये. थांबणं हाही शिकाऱ्याचा हुनर आहे. पुढे 1955मध्ये केनियातल्या न्येरी इथे हृदयविकाराच्या झटक्यानेच तो गेला, पण 79व्या वर्षी. नियमित श्रमाने अमरपट्टा मिळत नाही, मुदत मात्र वाढू शकते.

आपल्याकडचं दुसरं उदाहरण सलीम अली यांचं. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घरातला हा मुलगा छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपत असे. त्यातल्या पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीची ओळख विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि आयुष्य बदललं. पुढे बंदुकीपेक्षा दुर्बीण महत्त्वाची झाली, पण रानातलं चालणं सुटलं नाही. 1987मध्ये ते वारले तेव्हा नव्वदी उलटली होती. शिकार सुटली म्हणून रान सुटायला हवं, असं थोडंच आहे?

यवतमाळमध्ये कोण चालत होतं?

यवतमाळच्या रानाचा इतिहास जुना आहे. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातल्या कळंब सरकारची नोंद आहे. पुढे हा मुलूख निजामाकडे आणि 1853च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेला. म्हणजे हैदराबादचा आणि इथल्या जंगलाचा संबंध 2018चा नाही. नवाब, साहेब, मालगुजार सगळ्यांनी इथे शिकारी केल्या. त्यांचे फोटो भिंतींवर टांगले गेले. त्या फोटोंत कडेला उभे असलेले कोलाम, गोंड हाकेकरी बिननावाचे राहिले. ज्या फासेपारध्यांना सगळ्या रानाची नस ठाऊक होती, त्यांच्यासारख्या जमातींवर 1871च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. तो कागदावरून 31 ऑगस्ट 1952ला पुसला, लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. अवनीच्या मोहिमेतही आणलेला एक हत्ती बिथरून सुटला आणि एका गरीब बाईचा जीव गेला. शिकारीची किंमत बंदूकवाल्याने एकट्याने कधीच मोजली नाही.

आज शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. पण शिकारीतले श्रम संपलेले नाहीत. टिपेश्वरच्या आजूबाजूच्या गावांत, पांढरकवड्यात, उमरखेड-महागावकडे साठी ओलांडलेले शेतकरी रात्रभर मचाणावर बसतात. रोही आणि रानडुकरं आली की उठून धावतात. वन विभागाचे वयस्क चौकीदार गस्त घालतात. भर उन्हाळ्यात म्हाताऱ्या बाया मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचतात. जहांगीरच्या जागी बसायला यांना मिळालेलं नाही. हरीण काढायला कड्यावर गेलेला प्यादाच यांच्या रूपाने अजून चालतो आहे, फक्त आता तो म्हातारा झाला आहे.

म्हणून इतिहासावरच्या या लेखाचा शेवट थोडा घरगुती भाषेत करतो.

जागलीचा हंगाम सुरू व्हायच्या महिना-दोन महिने आधीपासून रोज चाला, हळूहळू वेग वाढवा. फजरच्या नमाजला पायी जाणारा माणूस या बाबतीत अर्धी लढाई जिंकलेला असतो, पण मोटारसायकलवर जाणारा नाही. पन्नाशीनंतर रक्तदाब, साखर, ईसीजी तपासून घ्या. शंका असेल तर डॉक्टर सांगतील त्या पुढच्या चाचण्या करा, आणि आपण रात्री शेतात धावतो हे त्यांना आवर्जून सांगा. एकट्याने जागलीला जाऊ नका. जनावर आलं तर आधी उभे राहा, हातपाय हलवा, मग चाला, धावू नका. डबे वाजवा, बॅटरी मारा, तरुणाला पुढे पाठवा. दोन पोती हरभरा परत पिकेल.

आणि छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, धाप, थंडीत घाम, मळमळ असं काही झालं तर ‘गॅस’ म्हणून पडून राहू नका. आहात तिथे बसा, वाहनापर्यंतही चालत जाऊ नका, 108ला फोन करा. हृदयाचं मांस मिनिटामिनिटाने मरतं, पहाटेची वाट ते बघत नाही. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप आणि अशक्तपणा जाणवतो; तेही तितकंच गंभीर.

मामूंची जुनी बॅटरी अजून आमच्याकडे आहे. त्यांचा मुलगा आता पन्नाशीला आला. मागच्या हिवाळ्यात तो जागलीला निघाला तेव्हा अम्मीने त्याला दारात थांबवलं आणि विचारलं, “तपासून आलास का?” तो हसला, पण दुसऱ्या दिवशी यवतमाळला जाऊन आला. हकीम हुमामने जे धाडस शाहजाद्यासमोर केलं, ते प्रत्येक घरात कुणीतरी करायला हवं.